दहावी पास, पण अकरावीला ॲडमिशन नाही!

परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. तुम्ही घाईघाईनं लॅपटॉप उघडता आणि वेबसाइटच्या आधी स्क्रीनभर एक पाटी हजर होते. तुमच्या पीसीवरच्या विंडोज १०चा सपोर्ट संपला आहे, आता विंडोज ११कडे चला, वगैरे. भाषा नम्र असते, पण सूर सोसायटीच्या सेक्रेटरीनं लिफ्टमध्ये चिकटवलेल्या नोटिशीचा. तुम्ही ‘रिमाइंड मी लेटर’वर क्लिक करता, फॉर्म भरता आणि विषय संपतो. पुढची पाटी येईपर्यंत.

यावर कट्ट्यावर दोन मतं ऐकू येतात. एक जण म्हणतो, ‘लॅपटॉप गेला कामातून, आता घरी नवीन मागायला लागणार.’ दुसरा म्हणतो, ‘कायपण! माझा मस्त चाललाय. कंपनीला धंदा करायचाय, बाकी काही नाही.’ गंमत म्हणजे दोघांचंही निम्मं बरोबर आहे आणि उरलेलं निम्मं महागात पडू शकतं. पहिल्याच्या घरी विनाकारण हजारोंचा खड्डा पडेल. दुसऱ्याचं काय होऊ शकतं, ते जरा सावकाश बघायला हवं.

आधी नेमकं झालंय काय? १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. त्या रात्री कुणाचाही लॅपटॉप बंद पडला नाही आणि पुढेही या कारणानं पडणार नाही. वर्ड, ब्राउझर, गेम्स, ऑनलाइन लेक्चर, सगळं पूर्वीसारखंच चालतं. थांबली ती एकच गोष्ट : दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारे सुरक्षेचे पॅच. पॅच म्हणजे अगदी शब्दशः ठिगळ. सॉफ्टवेअरमध्ये सापडलेलं भोक बुजवणारं. आता भोकं सापडत राहतील, पण १०ला आपोआप ठिगळ लागणार नाही.

‘शेवटचं विंडोज’

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ला. तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण प्राथमिक शाळेत असतील. त्याच्या आधीच्या विंडोज ८नं स्टार्ट बटणच काढून टाकलं होतं आणि जगभरच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मग कंपनीनं ९ हा आकडा गाळला आणि थेट १०वर उडी मारली. विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांना पहिलं वर्षभर ते फुकट दिलं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या एका कर्मचाऱ्यानं जाहीर कार्यक्रमात हे ‘शेवटचं विंडोज’ असल्याचं म्हटलं. आता नवे आकडे नाहीत, यातच सुधारणा होत राहणार, असा अर्थ सगळ्यांनी काढला. सहा वर्षांनी, ५ ऑक्टोबर २०२१ला, विंडोज ११ बाजारात आलं.

आज विंडोज १०वर जे प्रेम उतू जातंय ते पाहून थोडं हसू येतं. पहिली एक-दोन वर्षं त्याच्याच नावानं लोक बोटं मोडत होते. ‘अपग्रेड करा’ची खिडकी इतकी चिकट होती की २०१६ मध्ये तिच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं तरी ते होकारात धरलं जायचं. कॅलिफोर्नियातल्या एका व्यावसायिक महिलेचा कॉम्प्युटर या न मागितलेल्या अपग्रेडमुळे निकामी झाला. ती कोर्टात गेली आणि मायक्रोसॉफ्टला तिला दहा हजार डॉलर द्यावे लागले. वापरणाऱ्याची जास्त माहिती गोळा होते म्हणून फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगानं त्याच वर्षी कंपनीला नोटीस काढली. तेव्हा लोक म्हणायचे, ‘आमचं सेव्हन किती साधं होतं.’ आज म्हणतात, ‘आमचं टेन किती साधं आहे.’ त्यामुळे ११वरच्या तक्रारी ऐकताना त्यातला सवयीचा भाग बाजूला काढायला हवा. तो काढल्यावरही बरंच उरतं, हे मात्र खरं.

दिसायला काय, आत काय

दिसण्यातले फरक पटकन उरकू, कारण त्यांच्यावर यूट्यूबवाल्यांनी पुरेसं पोट भरलंय. स्टार्ट बटण मध्यभागी आलं (सेटिंगमधून परत डावीकडे नेता येतं). १०मधल्या हलत्या चौकटी, म्हणजे लाइव्ह टाइल्स, गेल्या. टास्कबार बाजूला किंवा वर नेण्याची सोय ११ आलं तेव्हा काढून टाकलेली होती. राइट क्लिक केलं की अर्धाच मेन्यू दिसतो, उरलेल्यासाठी ‘शो मोअर ऑप्शन्स’ असा आणखी एक हेलपाटा. हे कुणाला सुचलं असेल त्यानं आयुष्यात कधी झिप फाईल उघडली नसावी.

चांगलंही आहे. फाईल एक्स्प्लोररमध्ये ब्राउझरसारखे टॅब आले, त्यामुळे पेन ड्राइव्हमधून फोल्डरमध्ये कॉपी करताना दोन खिडक्यांची कुस्ती नाही. नोटपॅडला टॅब आले आणि सेव्ह न करता बंद केलं तरी लिहिलेलं राहतं. खिडकी मोठी करायच्या बटणावर माउस नेला की स्क्रीनचे तयार भाग पाडून मिळतात. एका बाजूला पीडीएफ, दुसऱ्या बाजूला नोट्स. सबमिशनच्या रात्री याची किंमत कळते.

न आवडण्यासारखं म्हणजे, ११ तुमच्या घरात जास्त डोकावतं. सेटअप करतानाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतं. १०मध्ये नुसतं नाव टाकून काम चालवणं बरंच सोपं होतं. स्टार्ट मेन्यूत ‘शिफारशी’ दिसतात, कोपायलट नावाचा एआय मदतनीस जिकडेतिकडे डोकं वर काढतो. मे २०२४ मध्ये कंपनीनं ‘रिकॉल’ जाहीर केलं. तुमच्या स्क्रीनचे दर थोड्या वेळानं फोटो काढून ठेवायचे आणि नंतर शोधता यावेत अशी सोय. त्यावर इतका गदारोळ झाला की ते लांबणीवर टाकलं गेलं. पुढं ते आलं तेव्हा आपण होकार दिला तरच सुरू होईल असं केलं, आणि तेही फक्त एआयसाठी खास बनवलेल्या नव्या लॅपटॉपवर.

वेगाचं विचाराल तर कागदावर ११ला ४ जीबी रॅम पुरते. १०ची किमान अट १ किंवा २ जीबी होती. प्रत्यक्षात ४ जीबीवर ११, क्रोमचे आठ-दहा टॅब आणि वर एक व्हिडिओ मीटिंग म्हणजे सकाळी साडेआठची विरार लोकल. ८ जीबी असेल तरच त्या वाटेला जा.

पण हे सगळं वरवरचं. दहा आणि अकरामधला खरा फरक काय दिसतं यात नाही, आत कुणाला घेतात यात आहे.

कट-ऑफ लिस्ट

आजवर नवं विंडोज आलं की जुन्या मशिनवर ते रखडत का होईना, चालायचं. ११नं पहिल्यांदा अकरावी प्रवेशासारखी कडक यादी लावली. अटी अशा : ६४ बिटचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट, टीपीएम २.० आणि प्रोसेसर कंपनीच्या मान्य यादीतला. ३२ बिटचं विंडोज ११ निघालेलंच नाही.

यातलं टीपीएम म्हणजे काय? मदरबोर्डवरची किंवा प्रोसेसरच्या आतच असलेली एक सुरक्षेची चिप. तिला बँकेचा लॉकर समजा. तुमच्या डिस्कला लावलेल्या कुलपाची किल्ली ती स्वतःजवळ ठेवते आणि मशिन सुरू होताना कुणी आत छेडछाड केली आहे का ते बघते. सिक्युअर बूट हा गेटवरचा वॉचमन. लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी जो प्रोग्राम आत शिरतो, त्याच्या ओळखपत्रावर सही-शिक्का आहे का हे तो तपासतो. विंडोज सुरू होण्याआधीच घुसणारे व्हायरस असतात, त्यांना अडवायला या दोन गोष्टी खरंच कामाच्या आहेत. म्हणजे ही अट नुसती नवी मशिन खपवण्यासाठी आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल.

टीपीएम २.० मात्र फारसं दुर्मिळ नाही. २०१६च्या मध्यापासून विंडोज १० घालून विकल्या जाणाऱ्या नव्या मशिनना मायक्रोसॉफ्टनं ते बंधनकारकच केलं होतं. बहुतेकांची विकेट पडते ती प्रोसेसरवर. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. आठवी पिढी आली ऑगस्ट २०१७ मध्ये. तुमची पिढी ओळखायची तर मॉडेलमधल्या छोट्या रेघेनंतरचा आकडा बघा. आय३-६००६यू म्हणजे सहावी, आय५-७२००यू म्हणजे सातवी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय५-११३५जी७ म्हणजे अकरावी. एएमडीचा रायझन असेल तर लॅपटॉपमध्ये साधारण ३००० मालिकेपासून पुढचे पास होतात.

इथं काहींच्या नशिबी विचित्र थट्टा आली. आय३-७०२०यू ही चिप बाजारात आली २०१८ मध्ये, म्हणजे आठव्या पिढीच्या पहिल्या चिपांनंतर. पण आतून ती सातवीचीच. त्यामुळे तेव्हा ‘नवीन मॉडेल आहे’ म्हणून घेतलेले लॅपटॉप यादीबाहेर. आणि मॅनेजमेंट कोटाही होताच! सातव्या पिढीतल्या ज्या मोजक्या प्रोसेसरना नंतर प्रवेश दिला, त्यात मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या महागड्या कॉम्प्युटरमधला एक होता. सुरक्षा आणि स्थिरता यासाठी ही रेषा आखल्याचं कंपनी सांगते. रेषा कुठंतरी आखावीच लागते, हे कट-ऑफच्या अर्ध्या टक्क्यानं कॉलेज हुकलेल्या कुणालाही माहीत आहे. पण ती नेमकी तिथंच का, हे कंपनीनं पटेल असं कधी समजावून सांगितलं नाही.

कॅनालिस या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज मांडला होता की विंडोज १० थांबल्यामुळे जगातले सुमारे २४ कोटी पीसी भंगारात जाऊ शकतात. चालू स्थितीतले, बरं का. की-बोर्ड शाबूत, स्क्रीन शाबूत.

‘काय होतंय’चं उत्तर

आता त्या दुसऱ्या गटाकडे, ‘माझा मस्त चाललाय’वाल्यांकडे. त्यांच्यासाठी २०१७चं साल.

१२ मे २०१७. वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फाईल्सना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम, एका दिवसात जगभर पसरला. युरोपोलच्या अंदाजानुसार १५० देशांतले दोन लाख कॉम्प्युटर त्यानं धरले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत पेशंटच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या, अँब्युलन्स दुसरीकडे वळवाव्या लागल्या. कुणी संशयास्पद लिंकवर क्लिक करायचीही गरज नव्हती. नेटवर्कवरचं एक मशिन धरलं की ते स्वतःच शेजारच्या मशिनचं दार ठोठवायचं.

सगळ्यांना वाटलं, जुनाट विंडोज एक्सपीवाले अडकले असतील. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला होता. तरी परिस्थिती इतकी बिघडली की मायक्रोसॉफ्टनं नियम मोडून त्याच्यासाठीही ठिगळ काढलं. पण सगळ्यात जास्त मार खाल्ला तो विंडोज ७नं, ज्याचा सपोर्ट तेव्हा चालू होता. त्याचं ठिगळ दोन महिने आधी, मार्चमध्येच आलेलं होतं. लोकांनी लावलं नव्हतं. ‘रिमाइंड मी लेटर’.

सहा आठवड्यांनी, २७ जूनला, नॉटपेट्या आला. सुरुवात युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून झाली, पण त्यानं तेच भोक वापरलं आणि मर्स्क या जगातल्या बड्या जहाज कंपनीचं जाळं झोपवलं. त्याचा धक्का थेट आपल्या न्हावाशेव्यापर्यंत बसला. जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. युक्रेनमधला हिशेबाचा प्रोग्राम आणि उरणच्या रस्त्यावर खोळंबलेले ट्रेलर यांचा संबंध असा जोडला जातो.

भारतात याचा धसका बँकांच्या बाबतीतही घेतला गेला. आपल्याकडच्या अनेक एटीएमच्या पोटात तोपर्यंत एक्सपीच होतं. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना टप्पे ठरवून दिले आणि जून २०१९पर्यंत सगळी एटीएम सपोर्ट असलेल्या सिस्टिमवर आणायला सांगितलं.

यात एक बारकी गोष्ट आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. १० आणि ११ ही आतून बरीचशी एकाच मातीची. त्यामुळे ११साठी दर महिन्याला जे ठिगळ निघतं, ते उघडून बघितलं की भोक कुठं होतं ते कळतं. आणि तेच भोक पुष्कळदा १०मध्येही असतं, न बुजवलेलं. म्हणजे सपोर्ट संपलेल्या सिस्टिमवर चोराला शोधाशोध करावी लागत नाही. नकाशा दर महिन्याला छापून येतो.

‘पण अँटिव्हायरस आहे ना!’ आहे. विंडोज १०मधल्या डिफेंडरला नव्या व्हायरसांची माहिती २०२८पर्यंत मिळत राहणार आहे. ते चोराचा चेहरा ओळखेल. भिंतीतलं भोक बुजवणं हे त्याचं काम नाही. आणि तुमच्या लॅपटॉपमध्ये चोरण्यासारखं काय आहे असं वाटत असेल, तर ब्राउझरमध्ये सेव्ह केलेल्या पासवर्डची यादी उघडून बघा. ईमेल, महाडीबीटीची स्कॉलरशिप, बँकेचं लॉगइन, बाबांचा आयकर. शिवाय अर्धा झालेला फायनल इयर प्रोजेक्ट, ज्याचा बॅकअप तुम्ही ‘या रविवारी’ घेणार आहात.

एक वर्षाची एटीकेटी

मग करायचं काय? आधी निकाल बघा. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं छोटं ॲप आहे, ते चालवलं की तुमचं मशिन ११ला पात्र आहे का ते सांगतं आणि नसेल तर कुठल्या अटीवर नापास ते दाखवतं. पात्र असेल तर ११ फुकट आहे. कुणी दुकानदार त्यासाठी ‘लायसन्सचे’ पैसे मागत असेल तर दोन्ही हात जोडून बाहेर पडा.

नापासचं कारण टीपीएम असं आलं तर लगेच खचू नका. चिप असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मशिनमध्ये ती पीटीटी या नावानं सापडते, एएमडीमध्ये एफटीपीएम. ती चालू केली की कित्येक मशिन पास होतात. बायोसची सवय नसेल तर लॅबमधल्या सरांना किंवा कॉम्प्युटरच्या मित्राला शेजारी बसवा. आणि काहीही करण्याआधी फाईल्स एका बाहेरच्या डिस्कवर काढा. आज, रविवारी नव्हे.

प्रोसेसरच यादीत नसेल तर एटीकेटीची सोय आहे. कंपनीनं घरगुती वापरणाऱ्यांसाठी विंडोज १०ची सुरक्षा ठिगळं आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, द्यायची योजना काढली. नाव ईएसयू. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. १०ची शेवटची आवृत्ती, २२एच२, असायला हवी. तीन वाटा आहेत : ३० डॉलर भरा, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट वापरा किंवा मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगइन करून सेटिंग्जचा बॅकअप क्लाउडवर ठेवा. तिसरी वाट फुकट. एका अकाउंटवर दहा मशिनपर्यंत चालतं, म्हणजे ताईचा लॅपटॉप आणि घरचा डेस्कटॉप दोन्ही बसतात. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथल्या लोकांना बॅकअपची अट न घालता हे फुकट मिळालं. आपल्याकडे तसा आवाज उठला नाही. असो. मुदत संपल्यावर पुढचं वर्ष मिळेल या भरवशावर मात्र राहू नका.

तिसरा रस्ता मागच्या दाराचा. अटी चुकवून ११ बसवायच्या युक्त्या आहेत आणि त्या चालतात. पण अशा मशिनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही, हे कंपनीनं स्पष्ट सांगितलंय. वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती बहुधा हातानं बसवावी लागते. ज्याला असली खटपट आवडते त्यानं खुशाल करावी. ज्याच्या लॅपटॉपवर उद्या ऑनलाइन परीक्षा आहे, त्यानं नको.

चौथा रस्ता लिनक्स. यावर जरा थांबू, कारण याच्याबद्दल भीती जास्त आणि माहिती कमी. लिनक्स मिंट किंवा उबुंटू फुकट मिळतं, आठ-नऊ वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर बऱ्यापैकी पळतं आणि सुरक्षेची ठिगळं वर्षानुवर्षं येत राहतात. मिंटचा चेहरामोहरा तर विंडोजच्या इतका जवळचा आहे की घरातल्या मोठ्यांनाही फार शिकवावं लागत नाही. केरळच्या सरकारी शाळांत मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतायत. आपण एमएस-सीआयटीपासून विंडोज म्हणजेच कॉम्प्युटर असं शिकलो, एवढाच फरक.

पण ते तुमच्या कामाचं आहे का, हे तुमच्या शाखेवर ठरतं. कॉम्प्युटर, आयटी, डेटा सायन्सवाल्यांनी डोळे झाकून जावं. पायथन, जावा, सी तिथं जास्त सुखात असतात. आर्ट्स किंवा सायन्सचं लिहिणं-वाचणं, पीपीटी, ब्राउझरमधलं काम यासाठी लिबरऑफिस पुरतं, फक्त वर्डची फाईल सरांना पाठवताना पीडीएफ करून पाठवा, नाहीतर मार्जिन हलतं. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांचं ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स, कॉमर्सवाल्यांचं टॅली, मीडियावाल्यांचं फोटोशॉप आणि प्रीमिअर सरळपणे लिनक्सवर बसत नाही. व्हॅलोरंटही नाही, हे अनेकांच्या दृष्टीनं सगळ्यात मोठं दुःख. काही ऑनलाइन परीक्षांचे लॉक होणारे ब्राउझरही फक्त विंडोज आणि मॅकवर चालतात, ते आधी विचारून घ्या.

मराठी टायपिंगची काळजी दोन्हीकडे नको. विंडोज १०मध्ये २०१९च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक की-बोर्ड आहे, तो ११मध्येही आहे. लिनक्सवर इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात. युनिकोडमध्ये लिहिलेलं कुठंही उघडतं. अडचण येते ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाईल्सची. तुमच्या प्रोजेक्टचं ब्लॅक बुक जिथं बाइंड होतं त्या डीटीपीच्या दुकानात बघा, कोपऱ्यात एक एक्सपी किंवा सेव्हनवालं मशिन हमखास सापडेल. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची, आणि वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका तिच्यात अडकलेल्या. त्यांची मजबुरी समजण्यासारखी आहे. तुम्ही मात्र त्या मशिनला पेन ड्राइव्ह लावलात, तर तो घरी आल्यावर आधी स्कॅन करा. शॉर्टकट व्हायरस हा तिथला मोफत प्रसाद आहे.

लिनक्स करून बघायला लॅपटॉपवरचं काही पुसावं लागत नाही. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ते टाकायचं, त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा आणि एक संध्याकाळ वापरून बघायचं. वाय-फाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर बोलतोय का. नाही जमलं तर पेन ड्राइव्ह काढा, तुमचं विंडोज जागच्या जागी आहे. आणि जुन्या लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या छोट्याशा भागात होतं आणि सिस्टिम कुठलीही असो, फरक पहिल्या मिनिटाला जाणवतो.

एवढं करून नवीन घ्यायचंच ठरलं, किंवा बजेटमुळे लॅमिंग्टन रोड नाहीतर ओळखीच्या दुकानातून सेकंड हँड बघायचं ठरलं, तर ‘यात विंडोज ११ आहे का’ असं विचारू नका. उत्तर ‘आहे की!’ असंच येणार, कारण मागच्या दारानं सहाव्या पिढीच्या मशिनवरही ते बसवता येतं. प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचारा आणि पैसे मोजण्याआधी तिथंच काउंटरवर हेल्थ चेक चालवायला सांगा. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी सेटिंग्जमध्ये डिस्क एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. नव्या ११मध्ये ते पुष्कळदा आपोआप चालू होतं आणि त्याची रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जमा होते. ती ४८ आकडी की कागदावर उतरवून मार्कशीटच्या फाईलमध्ये ठेवा. बायोसमध्ये काही बदललं किंवा मदरबोर्ड दुरुस्त केला, की लॅपटॉप पहिल्यांदा तीच मागतो.